सेडनाची बोटे आणि छायाचित्रातला समुद्र

पुराणकथेसाठी काढलेल्या चित्रांची समीक्षा विज्ञानाच्या मासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर चित्रांच्या प्रकारात आहे. कथाचित्रांची एक पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. निसर्गदृश्याचे खरे छायाचित्र घ्यायचे आणि त्यात हाताने काढलेली माणसे, प्राणी, देवता बसवायच्या. संगणकामुळे हे काम सोपे झाले आहे. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांच्या कथा या पद्धतीने रंगवण्याचा मोह चित्रकारांना विशेष होतो, कारण तिकडचा निसर्ग आपल्याला मुळातच अद्भुत वाटतो. बर्फाचे छायाचित्र आणि पेन्सिलीने काढलेली समुद्रदेवता एका पानावर आली की ते पान लक्ष वेधून घेते, यात शंका नाही.

पण छायाचित्र ही नुसती पार्श्वभूमी नसते. छायाचित्र पाहणारा, विशेषतः शाळकरी मूल, ‘हे असे आहे’ असे धरून चालतो. रेखाटन पाहताना तो ‘हे कोणीतरी कल्पिले आहे’ असे धरतो. दोन्ही एकत्र केली की एकाच पानावर दोन प्रकारची विधाने येतात. त्यांचा सांधा कोठे आहे आणि तो पाहणाऱ्याला दिसतो का, हा आमच्या मते अशा चित्रांच्या परीक्षणातला मुख्य प्रश्न आहे. एका कथेच्या आधारे तो तपासून पाहू.

कथा आणि तिची नोंद

सेडनाची कथा इन्युइट कथांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणता येईल. ग्रीनलंडपासून आर्क्टिक कॅनडापर्यंत तिची अनेक रूपे आहेत. देवतेचे नावही ठिकठिकाणी बदलते. कॅनडातील बॅफिन बेटावरचे तिचे एक रूप फ्रान्झ बोआस यांनी ‘द सेंट्रल एस्किमो’ या 1888 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवले. बोआस 1883-84 मध्ये त्या बेटावरील कंबरलंड आखाताच्या काठी राहिले होते. (‘एस्किमो’ हा शब्द त्या काळचा आहे. हे लोक स्वतःला ‘इन्युइट’ म्हणवतात आणि आपणही तेच म्हणावे.)

बोआस यांनी नोंदवलेली कथा थोडक्यात अशी. एका निर्जन किनाऱ्यावर एक मनुष्य आपल्या मुलीसह, सेडनासह, राहत असतो. वसंतात समुद्राचा बर्फ फुटू लागतो तेव्हा एक फुल्मार पक्षी उडत येतो आणि गोड बोलून सेडनाला पत्नी म्हणून घेऊन जातो. त्याचे घर माशांच्या फाटक्या कातड्यांचे निघते. वर्षभराने बाप मुलीला भेटायला येतो, रागाने फुल्मारला मारतो आणि तिला होडीत घालून निघतो. इतर फुल्मार चिडून वादळ उठवतात. घाबरलेला बाप मुलीला पाण्यात टाकतो. ती होडीची कड घट्ट धरते, तेव्हा तो तिची बोटे तोडतो. पहिल्या पेरांचे व्हेल होतात आणि नखांच्या व्हेलच्या तोंडातील पट्ट्या. पुढच्या पेरांचे आणि उरलेल्या खुंटांचे दोन जातींचे सील होतात. वादळ शमल्यावर बाप तिला पुन्हा होडीत घेतो. पण ती सूड उगवते. तिचे कुत्रे बापाचे हातपाय कुरतडतात, आणि शेवटी जमीन दुभंगून सर्वांना गिळते. तेव्हापासून ती खालच्या जगाची स्वामिनी आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समुद्राच्या तळाशी बसलेली, केस पाण्यात पसरलेली सेडना आज चित्रांत सर्वत्र दिसते. बोआस यांच्या या रूपात ती तळाशी जात नाही. समुद्रतळावरचे घर, दारात आडवा पडलेला कुत्रा, आणि बोटे नसल्यामुळे जिला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत म्हणून तिचे केस विंचरायला खाली जाणारा मांत्रिक, हे वर्णन क्नुड रासमुसेन यांनी 1921-24 च्या मोहिमेत इग्लुलिक भागातील लोकांकडून ऐकून नोंदवले. बहुतेक चित्रमालिका ही दोन रूपे न सांगता एकत्र करतात. चित्रकाराला तसे करण्याचा हक्क आहे. मात्र त्यामागे एका विशिष्ट जागेचे छायाचित्र लावले, तर कथा कोणत्या गावची, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

लपवलेला सांधा

छायाचित्र आणि रेखाटन यांची सरमिसळ संगणकाने आणली असे मानण्याचे कारण नाही. ती खुद्द बोआस यांच्या ग्रंथातही आहे. परत आल्यावर बोआस यांनी जर्मनीतील एका स्टुडिओत इन्युइट पोशाख चढवून, हातात हत्यार घेऊन स्वतःची छायाचित्रे काढवून घेतली. सीलच्या श्वासछिद्राशी टपून बसलेल्या शिकाऱ्याची बैठक त्यांनी स्वतः करून दाखवली. अशा छायाचित्रांवरून ग्रंथातली चित्रे तयार झाली. वाचकाला दिसतो बर्फावरचा शिकारी. प्रत्यक्षात तो स्टुडिओच्या जमिनीवर बसलेला जर्मन विद्वान आहे. बैठक बरोबर असेलही, कारण बोआस यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती. पण वाचकाला सांधा दिसत नाही.

पुढे 1922 साली रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा ‘नॅनुक ऑफ द नॉर्थ’ हा चित्रपट आला. त्यात इग्लूच्या आतली दृश्ये चित्रित करण्यासाठी पुरेसा उजेड मिळेना, म्हणून अर्धाच इग्लू बांधून त्यात कुटुंबाला झोपवले आणि उठवले. ‘नॅनुक’चे खरे नाव अल्लाकारियाल्लाक होते. त्या भागातले शिकारी तोवर बंदुका वापरत होते, पण चित्रपटात जुनी हत्यारे दाखवली. जगभरच्या प्रेक्षकांनी हे सर्व जसेच्या तसे खरे मानले, कारण ते कॅमेऱ्याने टिपले होते.

छायाचित्राकडे काय सोपवावे?

छायाचित्राचे बळ एका गोष्टीत आहे. ते विशिष्ट असते. अमुक जागा, अमुक दिवस, अमुक वेळ. म्हणून पुराणकथेच्या चित्रात छायाचित्र वापरायचे तर कथेतले जे विशिष्ट आहे ते त्याच्याकडे सोपवावे. सेडनाच्या कथेत असे बरेच काही आहे.

पहिली गोष्ट ऋतूची. फुल्मार येतो तो समुद्राचा बर्फ फुटताना, आणि बाप निघतो तो पुन्हा उबदार वारे वाहू लागल्यावर. म्हणजे कथेतली दोन्ही महत्त्वाची दृश्ये उन्हाळ्याच्या तोंडावरची आहेत. कंबरलंड आखातावरचे पँगनिर्तुंग हे गाव सुमारे 66 अंश उत्तर अक्षांशावर, आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. तेथे जूनमध्ये रात्री काळोख होतच नाही. मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाच्या आसपासच असतो. मग फुल्मारच्या आगमनामागे हिरव्या ध्रुवप्रकाशाचे छायाचित्र लावणे कितपत योग्य? ध्रुवप्रकाश दिसायला आकाश काळे असावे लागते. चित्र सुंदर होईल, पण कथेत सांगितलेला ऋतू त्यातून पुसला जाईल.

दुसरी गोष्ट बर्फाची. चित्रकारांना हिमनग फार आवडतो. हिमनग म्हणजे हिमनदीचा तुटून समुद्रात पडलेला तुकडा. तो गोड्या पाण्याचा असतो. कथेत फुटतो तो समुद्राचा बर्फ. हे समुद्राचेच पाणी गोठून झालेले, साधारण एक-दोन मीटर जाडीचे आवरण असते. सील याच बर्फाला श्वासछिद्रे पाडतात आणि हिवाळ्यात शिकारी यावरूनच चालतो. हिमनग बॅफिनच्या किनाऱ्यालगत वाहत जातात, म्हणून ते दृश्य खोटे ठरत नाही. पण ज्या बर्फावर तिथले जीवन अवलंबून होते, तो मात्र चित्रातून गायब होतो.

तिसरी गोष्ट फुल्मारची. हा पक्षी चित्रकार बहुधा ‘कुठला तरी समुद्रपक्षी’ म्हणून काढतात. बॅफिन बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, किकिक्तारजुआक गावाजवळ ककुल्लुइत नावाची जागा आहे. समुद्रातून उभ्या उठलेल्या कड्यांवर तेथे फुल्मारांची प्रचंड वसाहत आहे. जागेचे नावच या पक्ष्यावरून पडले आहे. फुल्मार कुशीत शिरू पाहणाऱ्या शत्रूवर पोटातले घाण वासाचे तेल उडवतो. तो लाटांच्या अगदी लगत, पंख जवळजवळ न हलवता तरंगतो आणि जोराच्या वाऱ्यातही सहज वावरतो. गोड बोलून नेणारा नवरा, प्रत्यक्षात त्याचे ओंगळ घर, आणि त्याच्या भाऊबंदांनी उठवलेले वादळ, या कथेतल्या तिन्ही गोष्टींशी या पक्ष्याचा स्वभाव जुळतो. इथे चित्रकाराने सरळ छायाचित्र द्यावे. खऱ्या कड्यावरचे खरे फुल्मार कथेचा अर्थ अधिक उघड करतील.

चौथी गोष्ट प्रकाशाची, आणि इथे सांधा सर्वांत जास्त वेळा उसवतो. पुण्यात 21 मार्चच्या दुपारी एक मीटर काठीची सावली सुमारे 33 सेंटिमीटर पडते. पँगनिर्तुंगला त्याच दिवशी, तिथल्या मध्यान्ही, ती सव्वादोन मीटरच्या आसपास असते. 21 जूनच्या मध्यान्हीसुद्धा ती 92 सेंटिमीटर असते, कारण सूर्य 47 अंशांहून फारसा वर चढत नाही. छायाचित्रातल्या खडकांच्या सावल्या लांब आणि त्यावर काढलेल्या माणसाची सावली पायाशी गोळा झालेली, असे चित्र आपल्याला ‘काहीतरी चुकते आहे’ असे वाटायला लावते. काय चुकते हे मात्र चटकन सांगता येत नाही.

पाण्याच्या रंगाचेही तसेच. समुद्रतळावरच्या सेडनामागे बहुधा उष्ण कटिबंधातल्या समुद्राची स्वच्छ निळाई लावलेली असते. पाणी तांबडा प्रकाश अधिक शोषते म्हणून शुद्ध पाणी निळे दिसते. पण उन्हाळ्यात प्लवकांनी भरलेला आर्क्टिक समुद्र हिरवट होतो, आणि हिमनदीचा बारीक गाळ मिसळला की दुधाळ. गंमत अशी की सेडनाची कथा नोंदवणाऱ्या बोआस यांनी 1881 साली डॉक्टरेट मिळवली ती भौतिकशास्त्रात, आणि प्रबंधाचा विषय होता पाण्याचा रंग.

रेखाटनाकडे काय सोपवावे?

आता दुसरी बाजू. बोटांचे प्राणी होण्याचा क्षण कोणत्याही कॅमेऱ्याला मिळणार नाही. तो रेखाटनाचाच प्रांत आहे, आणि इथे चित्रकाराने छायाचित्राचा आधार सोडून द्यावा. बहुतेक चित्रांत बोटे पाण्यात पडतात आणि पुढच्या चित्रात सील पोहताना दिसतात. मधला बदल कोणी काढतच नाही. खरे तर कथेतली सर्वांत समृद्ध जागा तीच आहे. सीलच्या पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवात पाच बोटांची हाडे असतात आणि त्यांच्या टोकांना नखे असतात. वलयांकित सील या नखांनीच बर्फातले श्वासछिद्र हिवाळाभर उघडे ठेवतो. व्हेलच्या पुढच्या वल्ह्यातही बोटांची हाडे दडलेली असतात. आणि बोहेड व्हेलच्या तोंडातल्या, चार मीटरपर्यंत लांब असू शकणाऱ्या पट्ट्या केराटिनच्या असतात. आपली नखेही त्याच प्रथिनाची.

यावरून ‘इन्युइटांना उत्क्रांतिवाद पूर्वीच ठाऊक होता’ असे कोणी म्हणू लागेल, तर ते साफ चूक ठरेल. पुराणकथांतून आधुनिक विज्ञान काढून दाखवण्याची हौस आपल्याला नवी नाही. उत्क्रांतीची कल्पना पुराव्यांनी तपासून पाहिलेली आहे. कथा तशी तपासणी करत नाही आणि तिने करावी अशी अपेक्षाही नाही. पण पिढ्यान्पिढ्या सील फाडून, सोलून, त्याचे हाडन्‌हाड वापरणाऱ्या लोकांनी त्या अवयवात हात पाहिला असेल, तर त्यात नवल नाही. ते निरीक्षण होते आणि कथेने ते जपले. चांगले रेखाटन हेच दाखवू शकेल. पेर, नख, हाड आणि वल्हे एका ओळीत.

होडीबद्दलही एक शब्द. चित्रांत बाप आणि मुलगी बहुधा कयाकमध्ये बसलेली दिसतात. कयाक सामान्यतः एका माणसाची, वरून झाकलेली शिकारी नाव असते. बोआस यांच्या नोंदीत नुसती ‘होडी’ आहे, आणि कुटुंबाच्या प्रवासाला वापरायची ती उघडी, मोठी, कातड्याची उमिआक. दोघांना घेऊन येणारी, आणि जिची कड बाहेरून दोन्ही हातांनी धरता येईल अशी होडी काढायची तर उमिआक अधिक पटते.

क्षितिज नसलेले चित्र

इन्युइट चित्रकारांनी स्वतः हा प्रश्न कसा सोडवला? 1950 च्या दशकाच्या अखेरीस बॅफिन बेटावरील केप डॉर्सेट (आजचे किंगाइत) येथे ठसेचित्रांची कार्यशाळा सुरू झाली. केनोजुआक आशेवाक यांचे 1960 सालचे ‘मोहिनी घालणारे घुबड’ हे तिथले चित्र जगभर गेले. 1970 मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावरही ते आले. त्या चित्रात घुबडाची पिसे ज्वाळांसारखी चहूकडे पसरली आहेत आणि मागे आहे कोरा कागद. क्षितिज नाही, डोंगर नाही, आकाश नाही. तिथल्या अनेक चित्रांत हीच रीत दिसते. आकृतीला पार्श्वभूमीचा आधार लागत नाही.

छायाचित्रात मात्र क्षितिज आपोआप येते, आणि त्याबरोबर पाहणाऱ्याची जागाही ठरून जाते. शिवाय तिकडच्या भूमीची छायाचित्रे बहुधा निर्मनुष्य निवडली जातात. तंबूभोवती रचलेल्या दगडांची वर्तुळे, खुणेसाठी रचलेले इनुक्सुक, स्लेजचे माग, असे काही दिसले की चित्रकार दुसरे छायाचित्र शोधतो किंवा ते पुसून टाकतो. मग रिकाम्या भूमीवर कल्पनेतली देवता तेवढी उरते आणि कथा सांगणारी माणसे नाहीशी होतात.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. कॅनडाच्या सरकारने 1953 आणि 1955 साली उत्तर क्वेबेकमधील इनुकजुआक येथील इन्युइट कुटुंबांना सुमारे 2000 किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फियॉर्ड आणि रेझोल्यूट येथे नेऊन वसवले. कागदावर दोन्ही ठिकाणे ‘आर्क्टिक’च. पण त्या कुटुंबांचे ज्ञान 58 अंश अक्षांशावरचे होते, आणि नव्या जागा 74 अंशांच्याही पलीकडे. तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही. प्राणी वेगळे, बर्फाची रीत वेगळी. त्यांचे अतोनात हाल झाले. सरकारने 2010 साली या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली. बर्फाळ प्रदेश सगळा सारखाच, या समजुतीची किंमत तिथल्या माणसांनी मोजली आहे. कुठल्याही बर्फाचे छायाचित्र कुठल्याही इन्युइट कथेमागे लावताना हे विसरू नये.

सांधा दिसू द्यावा

मग ही पद्धत टाकूनच द्यावी काय? आम्हाला तसे वाटत नाही. दादासाहेब फाळके यांचा 1919 सालचा ‘कालियामर्दन’ आठवावा. त्यात बाळकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली आहे. आरंभी फाळके त्या मुलीचा चेहरा, त्यावरचे भाव दाखवतात आणि मग तिचे रूपांतर कृष्णात होते. प्रेक्षकाला सांधा आधीच दाखवून दिला आहे. तरीही पुढे कृष्ण डोहात उतरतो तेव्हा रस कमी होत नाही.

अलीकडचे उदाहरण अलास्कातील इनुपियात लोकांच्या सहभागाने 2014 साली तयार झालेल्या ‘नेव्हर अलोन’ या संगणकीय खेळाचे. त्यात कथा त्यांच्या भाषेत सांगितली जाते आणि ती रेखाटनातून, अनेक ठिकाणी हस्तिदंतावरील कोरीवकामाच्या शैलीत, पुढे जाते. खरी भूमी आणि खरी माणसे छोट्या माहितीपटांत स्वतंत्रपणे भेटतात. दोन्ही शेजारी आहेत, पण एकमेकांत विरघळवलेली नाहीत. एकाच पानावर दोन्ही आणणाऱ्या चित्रकारालाही हे करता येईल. रेषा रेषेसारखी ठेवावी, तिला छायाचित्राचे छायाप्रकाश देऊन खरे भासवण्याचा प्रयत्न करू नये, आणि छायाचित्र कोठे, केव्हा काढले ते खाली लिहावे.

यावर आक्षेप येईल, की कल्पनेच्या प्रांतात अक्षांश आणि सावल्यांचा हिशेब कशाला? संपूर्ण रेखाटलेल्या चित्राला आम्ही तो विचारणार नाही. मायकेल कुसुगाक आणि रॉबर्ट मन्श यांच्या 1988 सालच्या ‘अ प्रॉमिस इज अ प्रॉमिस’ या पुस्तकात समुद्राच्या बर्फाखाली राहून मुलांना ओढून नेणारे प्राणी येतात. ते हाताने रंगवलेले आहेत आणि तिथे सूर्य किती अंशांवर हे विचारणे हास्यास्पद होईल. छायाचित्र वापरणारा चित्रकार मात्र त्याच्या खरेपणाचा फायदा घेत असतो. त्या खरेपणाची जबाबदारीही त्याने घ्यायला हवी.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. असे एखादे चित्र मुलांपुढे ठेवावे आणि त्यावर पातळ कागद घालून, जे कॅमेऱ्याने पाहिले असेल त्याची कड एका रंगाने आणि जे हाताने काढले आहे त्याची दुसऱ्या रंगाने गिरवायला सांगावे. मग सावल्यांच्या दिशा मोजाव्यात, ऋतू ओळखावा, आणि कथेत सांगितलेल्या ऋतूशी तो ताडून पाहावा. जिथे मुलांचे एकमत होणार नाही, तिथे चित्रकाराने सांधा लपवला आहे असे समजावे. आज संपूर्ण ‘छायाचित्र’च संगणक घडवू शकतो. अशा काळात ही सवय मुलांना सेडनाच्या कथेपलीकडेही उपयोगी पडेल.